मनगटावरचा गोल्फ सेन्सर, नऊ महिन्यांनंतर: आयर्न सुधारले, पट्ट्याने छळलं

काल सेन्सरच्या कंपनीचा तिसरा मेल आला. मजकूर आधीच्या दोन्हींसारखाच: आत ओलावा शिरल्याच्या खुणा दिसतात, सबब वॉरंटीत बसत नाही, नवा घ्यायचा असेल तर तीस टक्के सूट. कस्टम धरून २९,००० रुपये मोजून दिवाळीत घेतलेली वस्तू, वॉरंटी एक वर्षाची, आणि आठव्या महिन्यात बंद. मनगटावर बांधायची वस्तू घामाला टिकली पाहिजे, एवढी साधी अपेक्षाही पुरी होत नाही, याचा मला मनापासून राग आलाय आणि तो या लिखाणात येणारच. तरीही माझे आयर्न, म्हणजे लोखंडी क्लबने मारायचे शॉट, याच वस्तूमुळे सुधारले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. ब्रँडचं नाव देत नाही, कारण पत्रव्यवहार अजून चालू आहे. स्विंग करताना मनगट किती अंश मोडतंय ते मोजून हा सेन्सर आकडा दाखवतो, एवढं पुरे; बाकी फीचर्स सांगत बसत नाही.

मी भोसरीत मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघतो, बावीस वर्षं झाली. गोल्फ चाळिशीनंतर सुरू केला. शनिवार-रविवार येरवड्याच्या कोर्सवर, मधल्या वारी जमलं तर रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, एक बकेट बॉल. हँडिकॅप (हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला) २२ वर अडकला होता आणि अडकण्याचं कारण आयर्न. सेव्हन आयर्नचा एक शॉट फॅट (बॉलआधी जमीन लागते), पुढचा थिन (क्लबची नुसती खालची कड बॉलला लागते), तिसरा उजवीकडच्या झाडांत. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, "डोकं खाली ठेवा." दोन वर्षं डोकं खाली ठेवलं. मान दुखायला लागली, बॉल होता तिथेच.

नेमकं निदान पहिल्यांदा केलं ते एका कॅडीने, म्हणजे खेळताना क्लबची बॅग वाहणाऱ्याने. नवव्या होलवर तो मला म्हणाला, "साहेब, वर गेल्यावर तुमच्या क्लबचं नाक जमिनीकडं लोंबतंय. तोंड उघडंच राहतंय, मग खाली येताना तुम्ही हातानं बंद करता." तेव्हा मला ते नीट कळलं नाही. सेन्सर बांधल्यावर पहिल्याच दिवशी कळलं. ॲड्रेसला, म्हणजे मारण्याआधी बॉलसमोर उभं राहिल्यावर, माझं डावं मनगट १९ अंश मागे, म्हणजे हाताच्या पाठीकडे मोडलेलं. बॅकस्विंगच्या टोकाला, म्हणजे क्लब पूर्ण वर नेल्यावर, ४३. इम्पॅक्टला, म्हणजे बॉलला क्लब लागताना, ३१. इम्पॅक्टला ते ॲड्रेसपेक्षा कमी मोडलेलं असायला हवं आणि माझं बारा अंशांनी जास्त होतं.

मनगट मागे मोडलं की फेस, म्हणजे क्लबचं तोंड, उघडतो, तळव्याकडे वळलं की मिटतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं सगळं गणित इथून सुरू होतं. पूर्वी शिकवायचे की बॉल स्विंगच्या रेषेत सुटतो आणि फेस जिकडे बघतोय तिकडे वळतो. रडारवर चालणारी यंत्रं आली तेव्हा हे उलटं निघालं. आयर्नमध्ये बॉल कुठे सुटणार याचा साधारण पाऊण हिस्सा फेसच ठरवतो आणि फेस व स्विंगची रेषा यांच्यातल्या फरकावर तो वळतो. माझा सेव्हन आयर्न १३५ यार्ड जातो. तेवढ्या अंतरावर दिशा ४ अंशांनी चुकली तर बॉल साडेनऊ यार्ड बाजूला पडतो. ग्रीन (होलभोवतीची हिरवळ) सोडून बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जायला तेवढं पुरतं.

मात्र मला जे सर्वांत मोलाचं वाटलं ते दिशेबद्दल नाही, बॉल स्वच्छ लागण्याबद्दल आहे. फॅट आणि थिन हा माझा वेगळा आजार आहे असं मी समजत होतो. तो वेगळा नव्हताच. फेस वरूनच उघडा निघाला की खाली येताना हातांना तो मिटवायची घाई होते. मनगटं झटका देतात, हात क्लबच्या पुढे राहायचे ते मागे पडतात, शाफ्ट (क्लबची दांडी) बॉलच्या आधीच सरळ होऊन जाते आणि स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या मागे येतो. तिथे क्लब जमिनीत घुसला तर फॅट, जमीन चुकवून वर येताना बॉलला लागला तर थिन. चांगल्या खेळाडूचा हा बिंदू बॉलच्या पुढे असतो, म्हणून त्याचा डिव्हॉट, म्हणजे क्लबने उखडलेला गवताचा तुकडा, बॉल होता तिथून पुढे निघतो. वरतीच फेस ठीक असेल तर खाली हातांना वाचवण्यासारखं काही उरत नाही, अंग मोकळेपणाने फिरतं. हे मला कुणी दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मान वाचली असती.

डिसेंबरमध्ये कोचसरांनी ग्रिप बदलली. वरून बघितल्यावर डाव्या हाताच्या बोटांची दीड गाठ दिसायची, ती अडीच केली. याला स्ट्राँग ग्रिप म्हणतात, तिने फेस मिटायला मदत होते. सेन्सरची आवाजाची सोय सगळ्यात कामाची: मनगट ठरवलेल्या मर्यादेत असेल तर बीप वाजत राहतो, बाहेर गेलं की थांबतो. आधी अर्धा स्विंग, कमरेपासून कमरेपर्यंत, तोही सावकाश. जानेवारीअखेर टोकाचा आकडा ४३ वरून २२ वर आला आणि इम्पॅक्टचा ९ वर. एका सकाळी रेंजवर सेव्हन आयर्नचे सलग अकरा बॉल मधोमध लागले. तो आवाज वेगळाच असतो, हाताला काही जाणवतच नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं, तिने अकरा का बारा एवढंच विचारलं, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता पट्टा. हा मजकूर मोठा होणार आहे, कारण याच्यावर माझे दोन महिने गेले.

सेन्सरचे दोन भाग. एक हाताच्या पाठीवर, हातमोज्याच्या आत अडकवायचा. दुसरा घड्याळासारखा मनगटाच्या वर, लवचिक पट्ट्याने बांधायचा. पट्ट्याला जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचं वेल्क्रो. हिवाळ्यात काही त्रास नाही. एप्रिल लागला, सकाळी आठलाच अंगातून धार वाहायला लागली आणि तीसेक बॉलनंतर तो भाग अंगठ्याच्या बाजूला बोटभर सरकायला लागला. मी काहीही न बदलता ॲड्रेसचा आकडा १९ चा २६ झाला. मला वाटलं जुनी सवय परत आली. मग मी मनगट आणखी पुढे वळवलं, आणखी वळवलं. त्याच सुमारास डस्टिन जॉन्सन या अमेरिकी गोल्फरचे व्हिडिओ बघत होतो. त्याचं डावं मनगट टोकाला चांगलंच तळव्याकडे वळलेलं असतं आणि त्याने यूएस ओपन व मास्टर्स या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आहेत, तेव्हा हेच बरोबर असं मी ठरवून टाकलं. एप्रिल आणि मे, दोन महिने माझा प्रत्येक आयर्न खालून सणसणत डावीकडे हूक झाला.

कोचसरांनी बघितलं आणि विचारलं, "ग्रिप स्ट्राँग केली आपण, मग मनगट एवढं कशाला मिटवताय?" बेन होगन या जुन्या अमेरिकी चँपियनचं उदाहरण दिलं. होगनला हूकने हैराण केलं होतं, तेव्हा त्याने ग्रिप कमकुवत केली आणि टोकाला मनगट थोडं मागे मोडलं. म्हणजे मनगटाचा कुठलाही एक आकडा सगळ्यांना लागू नाही, ग्रिपशी त्याचा मेळ बसला पाहिजे. मी म्हटलं, सर, सेन्सर अजून २६ दाखवतोय. ते म्हणाले, "मग सेन्सर तपासा."

हे वाक्य ऐकून मला लाज वाटली, कारण तपासणं हेच माझं काम आहे. घरी दाराच्या चौकटीला हात टेकवला, मनगटाला लाकडी पट्टी बांधून ते हलणार नाही असं केलं आणि सेन्सर दहा वेळा काढून दहा वेळा बांधला. कोरड्या हातावर आकड्यांत २ अंशांचा फरक. मग हात ओला करून, थोडा हलवून, पुन्हा दहा वेळा: ८ अंश. आमच्याकडे असं गेज सापडलं तर लाल स्टिकर लावून त्याच दिवशी बाजूला काढतात. आतली चिप उत्तम आहे, दोष फक्त धरण्यात आहे. जॉब नीट क्लॅम्प केला नाही तर डायल कितीही महाग असो, रीडिंग खोटंच. सॉफ्टवेअरवर एवढा खर्च करणाऱ्या कंपनीने वेल्क्रोवर का वाचवावं?

रविवार पेठेत एका बॅग दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने मूळ वेल्क्रो उसवून दुप्पट रुंद लावलं आणि मी सांगितल्याप्रमाणे आतल्या बाजूने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी शिवली, रबर कातडीला धरून राहतं म्हणून. साठ रुपये. पुन्हा तीच चाचणी: ओल्या हातावर ३ अंश. जून उजाडेपर्यंत हूक गेले.

आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात सेन्सर चार्ज होईना. पुढचं वर आलंच आहे.

तो बंद असताना सराव थांबवला नाही. पंधरा सेंटिमीटरची शाळेतली प्लास्टिकची पट्टी, दहा रुपयांची, अर्धी घड्याळाच्या पट्ट्याखाली आणि अर्धी मोज्याच्या आत हाताच्या पाठीवर. मनगट मागे मोडलं की पट्टी टोचते. बॉलवर व्हाइटबोर्ड मार्करचा ठिपका काढून तो क्लबकडे ठेवायचा, मारल्यावर फेसवर ठसा उमटतो: क्लबच्या नाकाकडे लागला, दांडीच्या बाजूला, की मधे, लगेच दिसतं. आणि रेंजच्या गवतावर चिमटीने रांगोळीची एक रेघ. बॉल न ठेवता स्विंग करायचा, डिव्हॉट रेघेच्या पुढे निघाला पाहिजे. मॅटवर हे कळत नाही, कारण क्लब मागे आपटला तरी मॅटवरून घसरत बॉलपर्यंत पोचतो आणि शॉट बरा वाटतो. पावसाळ्यात लोक मॅटवरच मारतात, मग श्रावणात कोर्सवर आल्यावर फॅट बसायला लागतात.

पट्टी, मार्कर आणि रांगोळी मिळून शंभर रुपयेही झाले नाहीत. एवढं लिहून मी शेवटी लिहिणार होतो की सेन्सर घेऊ नका.

वरचं लिहून तीन आठवडे झाले, म्हणून पुढचं वेगळं. तपकीर गल्लीत मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात सेन्सर घेऊन गेलो. त्या मुलाने झाकण उघडलं, भिंगाखाली धरलं आणि मला दाखवलं: चार्जिंगच्या पिनेवर हिरवट पूड. "कार्बन आलंय काका." ब्रशने साफ केलं, आतला छोटा सेल फुगला होता तो बदलला, चालू करून दिला. ४५० रुपये, चाळीस मिनिटं. कंपनीने तीन मेल लिहून जे केलं नाही ते.

पुन्हा बांधला आणि माझं मत हललं. महिनाभर पट्टीवर सराव करून मला वाटत होतं सगळं जागेवर आहे. टोकाचा आकडा खरोखरच जागेवर होता, २१. पण इम्पॅक्टचा ९ वरून १७ झाला होता. बॅकस्विंगच्या टोकाला हात सावकाश असतात, तिथे पट्टी टोचते ते कळतं. इम्पॅक्टला ती टोचली की नाही हे कळायला वेळच नसतो, तो क्षण हाताच्या जाणिवेपेक्षा वेगवान आहे. तिथे माझं जुनं झटका देणं हळूच परत येत होतं आणि फेसवरचे ठसे तेवढे नाकाकडे सरकलेले, मी ते मार्करचा दोष समजत होतो. आठ दिवसांत आकडा पुन्हा १० वर आणला. हे पट्टीने झालं नसतं, हे मान्य करायला हवं.

मग घ्यावा का? आधी महिनाभर पट्टी, मार्कर, रांगोळी. तेवढ्याने बॉल मधोमध लागायला लागला तर २९,००० वाचवा. वर्षभर अडकून असाल आणि फॅट-थिन दोन्ही होत असतील तर घ्या, शक्य असेल तर दोघा-तिघांत मिळून, कारण रोज लागत नाही. आठवड्यातून एकदा तपासण्यापुरता पुरतो. राउंडमध्ये बांधून खेळणं नियमात बसत नाही, तेव्हा तो रेंजवरच. सेशन संपलं की पिन कोरड्या फडक्याने पुसा आणि मोज्यासोबत बॅगेत कोंबू नका, माझं नेमकं तिथेच चुकलं असावं. प्रत्येक वेळी बांधल्यावर चौकटीला हात टेकवून एक आकडा बघा. रोजच्यापेक्षा ३ अंशांहून जास्त वेगळा आला तर त्या दिवशी आकड्यांवर विश्वास ठेवू नका.

हँडिकॅप आता १८ आहे. त्या कॅडीला सेन्सरचा पहिल्या दिवशीचा आलेख फोनवर दाखवला. त्याने बघितला आणि म्हणाला, "हेच तर सांगत होतो साहेब." वॉरंटीसाठी चौथा मेल मी पाठवलाय, दुरुस्तीची पावती आणि पिनेचा फोटो जोडून. पट्टा शिवून घेणार असाल तर वेल्क्रो आपलं न्या, पाच सेंटिमीटर रुंदीचं, आणि ट्यूब पंक्चरवाल्याकडे फुकट मिळते.