ऑक्टोबरात फुललेलं झाड: सातवीण की बुच?

ऑक्टोबर हीट सुरू झाली की मुंबईत सोसायटीच्या आवारातलं एखादं झाड पांढरट फुलांनी भरून जातं, तिन्हीसांजेनंतर त्याचा वास घराघरात शिरतो आणि झाड कोणतं यावर वाद सुरू होतो. बहुतेक वेळा ते सातवीण तरी असतं किंवा बुच. वासावरून भांडण मिटायचं नाही, कारण दोन्हींचा घमघमाट रात्रीच वाढतो.

खरी ओळख पानात आहे. सातविणीची पानं जाड, तकतकीत असतात आणि फांदीच्या एकाच गाठीवर गोलाकार बसलेली असतात. नावाप्रमाणे दर वेळी सातच भरतील असं नाही. पाचही असतात, आठही. पान खुडलं की पांढरा चीक येतो, तो डोळ्यांना लागू देऊ नका. बुचाचं पान दोन-तीनदा विभागलेलं, पानं बारीक, लांबून कडुनिंबासारखी. म्हणूनच त्याला आकाशनिंब म्हणतात. चीक नाही, आणि खोडाची साल भेगाळलेली, बोटाने दाबली की मऊ लागणारी.

झाड उंच असेल आणि पानं हाताला लागत नसतील तर खाली पडलेलं फूल उचला. पाच-सहा सेंटिमीटर लांब नळी असेल तर बुच. लहान मुली याच नळ्या एकमेकींत गुंफून दोऱ्याशिवाय वेणी करतात. सातविणीचं फूल जेमतेम सेंटिमीटरभर, हिरवट पांढरं, गच्च झुपक्यात. पुढे तिला चवळीपेक्षा कितीतरी लांब, बारीक शेंगा जोडीने लोंबतात. बुचाला आपल्याकडे शेंगा क्वचितच धरतात.

पारिजातकाचं म्हणाल तर केशरी देठ दिसला की विषय संपला.

आता फुलपाखरं. दिवसाढवळ्या झुपक्यांवर फुलपाखरांची आणि मधमाश्यांची वर्दळ असेल तर मी सातविणीकडे झुकेन, कारण तिच्या आखूड नळीत सोंड सहज पोचते. बुचाची लांबलचक नळी मुख्यतः रात्रीच्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी. पण हा आधाराचा पुरावा. निकाल पानावरच द्यावा.

नवीन झाड लावायचं असेल तर जागा बघून ठरवा. बुचाचं लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या मोडतात. गाड्या उभ्या असतात तिथे नको. सातवीण त्यापेक्षा भरवशाची, पण तिचा उग्र वास काहींना डोकेदुखी वाटतो, तेव्हा बेडरूमच्या खिडकीला चिकटून लावू नका. उभं झाड नको असेल तर मात्र परस्पर कुऱ्हाड चालवता येत नाही: १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

आणि फुलपाखरंच हवी असतील तर या दोघांच्या जोडीला कढीपत्ता आणि लिंबू लावा. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेलं निलवंत लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं. कोवळ्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर पुसू नका, ती त्याची अळी असू शकते.