भाच्याची केस मिटवतो म्हणून ८५ हजार घेऊन गेला, तुम्ही तरी फसू नका

दापोलीजवळ राहते, गावाचं नाव नको. लिहू की नको यातच वर्ष गेलं, पण मागच्या आठवड्यात शेजारच्या वाडीत एका घरी तोच माणूस येऊन गेल्याचं कळलं, मग राहवेना.

माझा भाचा, २१ वर्षांचा, हॉटेलात कामाला. रात्री नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली, डिकीत गांजाची पुडी सापडली. ओढायलाच घेतला होता, चूक त्याचीच, ते आम्ही लपवत नाही. दुसऱ्या दिवशी कोर्टात हजर करणार म्हणून मी आणि वैनी सकाळपासून जाऊन थांबलेलो. वैनी पदर तोंडाशी धरून नुसती उभी, तोंडातून शब्द फुटत नव्हता. तेवढ्यात चहाच्या टपरीवरनं एक जण आला, पन्नाशीचा असेल, काखेत फाइल, "ताई, आपलं कोण आत आहे?" इतकं आपुलकीने विचारलं की आम्ही सगळं भडाभडा सांगून टाकलं. तिथेच चुकलो.

मग म्हणाला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, लागला की २० वर्षं, जामीन विसरा. आणि वर ते चरसचं काढलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कर्दे, लाडघर, केळशीच्या किनाऱ्यावर पाकिटं वाहून आली होती ते इकडे कोणी विसरलेलं नाही, तर म्हणे त्याच प्रकरणात पोराला गोवतील, आत्ताच मिटवलंत तर साहेबांना सांगून वजन कमी दाखवायला लावतो. अंगावर काटा आला हो. ८५ हजार मागितले. वैनीच्या बांगड्या सोनाराकडे गहाण टाकून संध्याकाळच्या आत रोख दिले, पावती वगैरे काही नाही. त्यानेच एक वकील आणला, तिसऱ्या दिवशी जामीन झाला, आम्ही तर त्याच्या पाया पडायच्या बाकी होतो.

महिन्याभराने परत आला, चार्जशीटसाठी अजून ४० हजार हवेत. आता आणायचे कुठून? कोणीतरी सांगितलं म्हणून तालुका विधी सेवा समितीत गेले. बायकांना आणि कोठडीत असलेल्यांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत, हे मला पन्नाशी आली तरी माहीत नव्हतं. तिथल्या वकील बाईंनी पिशवीतले कागद काढले, एफआयआरची झेरॉक्स उलगडली आणि एका ओळीवर पेन ठेवलं. ३८ ग्रॅम. तारीख आणि वेळ पकडलं त्याच रात्रीची. म्हणजे तो माणूस आम्हाला भेटायच्या आधीच वजन लिहून झालेलं होतं, त्याने कमी काय केलं? महिनाभर तो कागद आमच्याच कपाटात होता आणि आम्ही दोघींनी वाचला नाही.

बाईंनी समजावलं ते लक्षात ठेवा. या कायद्यात सगळं वजनावर आहे. गांजा १ किलोपेक्षा कमी असेल तर जास्तीत जास्त १ वर्ष सक्तमजुरी किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्या वर पण २० किलोच्या आत असेल तर १० वर्षांपर्यंत. तो २० वर्षांचा बागुलबुवा २० किलोच्या वरच्या मालासाठी आहे आणि जामिनाची ती कडक अट, कलम ३७ ची, व्यावसायिक प्रमाणाला म्हणजे त्या २० किलोच्या वरच्या मालाला लागते, आमच्या ३८ ग्रॅमला नाही. चरसचं माप वेगळं, तिथे १०० ग्रॅमच्या आत कमी आणि १ किलोच्या वर व्यावसायिक, म्हणून कागदावर गांजा लिहिलंय की चरस तेही बघा. अजून एक, व्यसन असलेला पोरगा कमी प्रमाणात सापडला आणि स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार असला तर कलम ६४अ खाली खटल्यातून सुटका मिळू शकते, उपचार मात्र पुरे करावे लागतात. हे त्या माणसाने कशाला सांगितलं असतं.

तक्रार द्यायला आम्ही घाबरत होतो, कारण पैसे साहेबांच्या नावावर दिलेले आणि लाच देणंही गुन्हाच आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर ७ दिवसांच्या आत कळवायचं असतं, लाचलुचपत विभागाला १०६४ वर फोन लागतो. आमचे ७ दिवस कधीच उलटून गेले होते. बाईंच्या मदतीने शेवटी फसवणुकीची तक्रार दिली, तर तो म्हणतो उसने घेतले होते.

काल त्या वाडीतल्या घरी जाऊन आले. पैसे अजून दिलेले नव्हते, गाय विकायचं चाललं होतं. म्हटलं आधी कागद आणा. त्यावर १२ ग्रॅम लिहिलंय.