मार्कडाउनमधल्या लिंका: ओळीतच की तळाशी?

टीममधला एक जण रीडमी (प्रोजेक्टची ओळख देणारी फाइल) आवरायला बसलाय आणि अडलाय: लिंका ओळीतच ठेवू की सगळ्या तळाशी नेऊ? मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात खुणा टाकून मांडणी करायच्या पद्धतीत, २००४ पासून, म्हणजे जन्मापासूनच, दोन्ही चालतं.

कच्चा मजकूर वाचायला तळाची पद्धत सरस. वाक्यात फक्त [इन्स्टॉल कसं करायचं][सेटअप] एवढंच दिसतं, ‘सेटअप’ या लेबलाचा पत्ता खाली वेगळ्या ओळीत असतो, त्यामुळे लांबलचक पत्ता मध्ये आडवा पडत नाही. बदलायलाही सोपी: तोच पत्ता बारा ठिकाणी असला तरी खाली एकदाच दुरुस्त करायचा. मात्र हे त्या एका फाइलपुरतंच.

खोड वेगळीच आहे. खालची ओळ चुकून उडाली तर एरर वगैरे काही येत नाही, चौकटी कंस तसेच पानावर उमटतात. लेबल दोनदा लिहिलं तर कॉमनमार्कच्या (मार्कडाउनचे नियम नेमके ठरवणाऱ्या प्रमाणाच्या) नियमाने पहिलंच धरलं जातं. मी एकदा अर्धा तास दुसराच पत्ता बदलत बसलो होतो! ओळीतल्या लिंकेला ही भानगडच नाही, परिच्छेद उचलला की पत्ता सोबत येतो.

दोन-चार लिंकांचं पान असेल, किंवा मजकूर इकडून तिकडे हलत असेल, तर ओळीतच ठेवा. चेंजलॉग (आवृत्तीगणिक बदलांची नोंद) किंवा लांबलचक मॅन्युअल असेल तर तळाशी, पण लेबलं नावांची. [१], [२] नकोत.