चार डक्टेबल एसींची वायरिंग : एका विद्युत कंत्राटदाराच्या कामाचा अनुभव

एसी विकणारा विक्रेता कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत एक वाक्य घालून मोकळा होतो : ‘यंत्राजवळ थ्री फेज पुरवठा उपलब्ध करून देणे ही ग्राहकाची जबाबदारी राहील.’ मिरजेजवळच्या आमच्या मंगल कार्यालयात साडेआठ टनांची चार डक्टेबल (नळीतून सभागृहभर गार हवा पोहोचवणारी) यंत्रे बसवताना आम्ही ते वाक्य वाचले, पण त्याचे वजन ओळखले नाही. ओळखीच्या वायरमनकडून काम उरकून घेतले आणि पहिल्याच एप्रिलमध्ये, ऐन जेवणाच्या पंगती चालू असताना, सभागृहातील चारही यंत्रे बंद पडली. त्यानंतर ज्या परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून आम्ही सगळी वायरिंग नव्याने करून घेतली, त्याच्या कामाविषयी हे लिहीत आहे. दीड वर्ष आणि दोन लग्नसराया काढल्यानंतर लिहीत असल्यामुळे हे मत नव्या पॅनेलच्या चकाकीवरून बनलेले नाही.

जुन्या कामातील चुका त्याने दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी दाखवून दिल्या, ही गोष्ट मला सर्वांत आवडली. गच्चीवरच्या यंत्रांपर्यंत ॲल्युमिनियमची केबल नेऊन तिचे उघडे टोक थेट पितळी टर्मिनलमध्ये पिळून बसवले होते. ॲल्युमिनियम तापले की तांब्या-पितळेपेक्षा अधिक प्रसरण पावते, निवले की आकसते आणि स्क्रू हळूहळू सैल होतो. शिवाय त्याच्यावर चढणारा ऑक्साइडचा थर वीज नीट वाहू देत नाही, त्यामुळे तो जोड आणखी तापत जातो. आमच्या एका टर्मिनलचे प्लास्टिक वितळून काळे पडले होते. दुसरी चूक एमसीबीची, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचची होती. आमच्या प्रत्येक यंत्रात दोन कॉम्प्रेसर आहेत आणि प्रत्येक जण चालू स्थितीत साधारण आठ अँपिअर घेत असला, तरी सुरू होण्याच्या क्षणी त्याची मागणी पाच-सहा पटींनी वाढते. तेथे घरगुती दिव्यांच्या सर्किटसाठी असतात तसे ‘बी’ प्रकारचे एमसीबी होते आणि ते नेमक्या त्याच क्षणी पडत असत. नव्या पॅनेलमध्ये सुरू होतानाचा असा क्षणिक झटका सहन करणारे ‘सी’ प्रकारचे एमसीबी आहेत.

खरा घोळ मात्र वीज गेल्यानंतर परत येताना होत होता. पुरवठा आला की आठही कॉम्प्रेसर एकाच वेळी उठत आणि मुख्य एमसीसीबी (सगळ्या पुरवठ्याचा मोठा स्वयंचलित स्विच) पडत असे. नव्या कंत्राटदाराने प्रत्येक यंत्राला वेगळा टायमर लावून ती एकामागून एक सुरू होतील अशी व्यवस्था केली. टायमरची किंमत किरकोळ आहे; मागच्या माणसाला ते सुचले नाही, एवढेच.

नव्या कामात प्रत्येक यंत्रासाठी चार कोअरची, सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची आर्मर्ड (धातूचे संरक्षक कवच असलेली) केबल आहे. ती जाळीदार ट्रेवरून आणलेली असून दोन्ही टोकांना केबल घट्ट धरणारे ग्लँड व तारांच्या टोकांवर दाबून बसवलेले लग आहेत. प्रत्येक बाह्य यंत्रापासून हाताच्या अंतरावर पावसापासून सुरक्षित आयसोलेटर (त्या यंत्राची वीज तोडणारा स्विच) आहे, म्हणजे दुरुस्तीला आलेल्या माणसाला खाली पॅनेलजवळ कुणाला तरी उभे करून ठेवावे लागत नाही. यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंगच्या पट्ट्या दिल्या आहेत. थ्री फेजच्या यंत्रांना नियमानेच त्या लागतात, पण आमच्याकडे आधी एकही धड नव्हती. आमची जमीन काळी आहे. पावसाळ्यात ती ओल धरते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत खड्ड्यात नियमित पाणी घालण्याची सूचना त्याने पॅनेलच्या दारावर मराठीत चिकटवली आहे. केबलचे मेगरिंग (इन्सुलेशनची चाचणी) आमच्यासमोर केले आणि आकडे वहीत लिहून दिले.

तीन फेजांचा क्रम चुकला तर यंत्रे सुरू होऊ न देणारा रिलेही त्याने बसवला आहे; त्याचा उपयोग मागच्या मे महिन्यात कळला. भाड्याने आणलेल्या जनरेटरच्या जोडणीत दोन फेजांची अदलाबदल झाली होती. आमच्या यंत्रांतल्यासारखा स्क्रोल प्रकारचा कॉम्प्रेसर उलटा फिरला तर गार हवा मिळत नाहीच, तो खडखडत राहतो आणि तसाच चालू ठेवल्यास कायमचा निकामी होऊ शकतो. रिलेचा लाल दिवा लागला आणि एकही कॉम्प्रेसर सुरू झाला नाही. दोन तारा बदलून दहा मिनिटांत काम भागले. वधूपक्षाला त्याचा पत्ताही लागला नाही.

आता तक्रारी. काम दहा दिवसांत पूर्ण करण्याचा शब्द होता, प्रत्यक्षात चोवीस दिवस लागले, आणि त्यांतील निम्मे दिवस कामगारच फिरकले नाहीत. भिंतींना पाडलेली भोके बुजवणे आपले काम नाही, हे त्याने शेवटच्या दिवशी सांगितले. मंजूर भार 20 किलोवॉटवरून 55 किलोवॉटपर्यंत वाढवण्यासाठी लागणारा टेस्ट रिपोर्ट (वायरिंग तपासल्याचा कंत्राटदाराचा दाखला) मिळवायला मला त्याच्या कार्यालयात चार फेऱ्या माराव्या लागल्या. त्याहून मोठी उणीव म्हणजे भार 20 किलोवॉटच्या पुढे गेला की व्यावसायिक ग्राहकाचा स्थिर आकार मागणीनुसार, म्हणजे एका वेळी लागणाऱ्या कमाल विजेनुसार, लागतो आणि मंजूर मागणी ओलांडल्यास दंडही बसतो, हे त्याने आधी सांगितले नाही. ते आम्हाला बिल आल्यावर समजले. पावसाळ्यात एकही लग्न नसलेल्या महिन्यातही हा आकार भरावा लागतो. अशा हंगामी व्यवसायाला किती भार मागावा, याचा हिशेब त्याने आमच्यासोबत बसून करायला हवा होता.

दर त्या वेळी मिळालेल्या तीन कोटेशनांपैकी सर्वांत जास्त होता. तांत्रिक कामासाठी पाचपैकी पाच आणि वेळ व कागदपत्रांसाठी दोन गुण देईन. स्वयंपाकघरामागच्या शीतखोलीची जोडणी दिवाळीनंतर करायची आहे. ती त्यालाच देणार आहे, मात्र या वेळी कामाची मुदत आणि टेस्ट रिपोर्टची तारीख कोटेशनमध्ये लिहून घेतली आहे आणि शेवटचा हप्ता त्या रिपोर्टला बांधला आहे.