ऋषिकेशच्या ‘एम्स’मधील हेलिकॉप्टर रुग्णसेवा

उत्तराखंडच्या डोंगराळ भागातील रुग्णांना हेलिकॉप्टरने ऋषिकेशच्या ‘एम्स’ रुग्णालयात आणण्यासाठी २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या ‘संजीवनी’ या मोफत सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे तिचे हेलिपॅड रुग्णालयाच्या आवारातच आहे. हेलिपॅड दूर असले की रुग्णाला पुन्हा रुग्णवाहिकेत हलवावे लागते, आणि मणक्याला इजा झालेल्या किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्या माणसाला अशी प्रत्येक हलवाहलव घातक ठरू शकते. येथे तो टप्पाच गळतो, म्हणून या रचनेला मी पूर्ण गुण देईन.

उणीव आहे ती दुसऱ्या टोकाला, डोंगरात. केदारनाथ सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर असून तेथील विरळ हवेत हेलिकॉप्टरला उचल कमी मिळते, शिवाय दरीतला वारा आणि धुके यांचा भरवसा नसतो. १७ मे २०२५ रोजी याच सेवेचे हेलिकॉप्टर तेथे उतरताना त्याचा शेपटाकडील भाग मोडला. आतील सर्वजण बचावले, ही मोठीच गोष्ट. डोंगरातील उतरण्याच्या जागांवर आवारातल्या हेलिपॅडइतकाच खर्च आणि लक्ष दिले गेले पाहिजे. महाराष्ट्रातून चारधामला जाणाऱ्या हृदयरोगी ज्येष्ठांनी मात्र या सेवेच्या भरवशावर निघण्यापूर्वीची वैद्यकीय तपासणी टाळू नये.