पाच मांजरं, पाच ताटल्या: दहा महिन्यांचा अनुभव

आमच्याकडे पाच मांजरं आहेत. गेल्या जूनपर्यंत त्यांचं जेवण म्हणजे पडवीत ठेवलेली एक मोठी स्टीलची परात. सकाळी तिच्यात कोरडं खाणं ओतायचं, दुपारी तळ दिसला की पुन्हा ओतायचं, आणि संध्याकाळी सासूबाईंचा दूधभात, नाहीतर मासळी आणली असेल तर बांगड्याची डोकी. परात रिकामी झाली म्हणजे सगळी जेवली, असा आमचा हिशेब. जूनच्या मध्यावर ती परात उचलून ठेवली आणि प्रत्येकाला वेगळी ताटली, मोजून, वेळेवर आणि शक्य तितकं ओलं खाणं सुरू केलं. आता दहा महिने होतील. ओळखीतले बरेच जण विचारतात, कोणतं पाकीट चांगलं? माझं मत आता पक्कं झालंय की घरात तीन-चार मांजरं असतील तर पाकिटाच्या आधी ताटलीचा विचार करावा.

घर रत्नागिरीत, जुनं, पडवी आणि मागीलदार असलेलं. गंगू सगळ्यांत थोरली, तेरा वर्षांची. तांबू नावाप्रमाणे तांबडा, समोर येईल ते खाणारा. बाळ्या चार वर्षांचा, नसबंदी केलेला बोका. चिंगी भित्री, कोणी मोठ्याने बोललं तरी कपाटावर. आणि पिंट्या, तेव्हा पाच महिन्यांचं पिल्लू.

जूनमध्ये एके दिवशी पावसाने जोर धरला आणि पाचही जणं घरातच होती. बाळ्या त्या दिवशी वाळूच्या घमेल्यात तीन-चारदा जाऊन बसला. बराच वेळ बसायचा, पाठीची कमान करायचा, उठायचा, थोड्या वेळाने परत. मला वाटलं बद्धकोष्ठ झालंय. रात्री त्याला उलटी झाली आणि तो कोठीत तांदळाच्या पिंपामागे जाऊन बसला. उचलायला पोटाखाली हात घातला तसा असा ओरडला की माझ्या हाताला कापरं भरलं. सकाळी डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि माझा हात धरून त्याच जागी ठेवला. आत कच्च्या पेरूसारखी घट्ट गोळी लागली. ती त्याची लघवीची पिशवी होती.

बोक्याची मूत्रनलिका टोकाकडे फार अरुंद असते. लघवीतले खडे आणि चिकट स्राव मिळून तिथे बूच बसतं, लघवी आत साठते, मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदय बंद पडू शकतं. दोन-तीन दिवसांत बोका जातो. बाळ्याला भूल देऊन नळी घातली, दोन दिवस सलाईनवर ठेवलं, आणि तो वाचला. बोका वाळूत बसतोय आणि वाळू कोरडीच राहतेय असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मी एक रात्र घालवली होती, ती आजही आठवते.

पण मला सगळ्यांत जास्त लागलं ते डॉक्टरांचं साधं विचारणं. "काल कधी जेवला होता?" मला सांगता येईना. "परवा?" तेही नाही. परात तर रोज रिकामी होत होती. बाळ्याचा वाटा तांबू खात होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

तपासणीत स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे खडे निघाले. हे विशिष्ट आहाराने विरघळू शकतात (कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत), म्हणून बाळ्याला दोन महिने फक्त औषधी खाणं द्यायचं ठरलं. ते इतर चौघांनी खायचं नाही आणि बाळ्याने इतरांचं खायचं नाही. एका परातीत हे कसं जमणार? तिथून पाच ताटल्या आल्या.

पहिले दहा दिवस अवघड गेले, हे सांगायलाच हवं. जागा ठरवायलाच चार दिवस लागले. गंगू सासूबाईंच्या खोलीत, बाळ्या स्वयंपाकघरात दार लावून, तांबू पडवीत, पिंट्या मागीलदारी, आणि चिंगी कपाटावर, कारण खाली ती खायलाच तयार होईना. सकाळी साडेसहा, संध्याकाळी साडेसात, आणि रात्री झोपताना थोडंसं. वीस मिनिटांनी ताटल्या उचलायच्या, उरलं असेल तर वहीत लिहायचं. दिवसभर येता-जाता तोंड घालायची सवय असलेली मांजरं पहिल्या दोन दिवसांत रिकाम्या परातीच्या जागेवर जाऊन बसायची. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वेळ झाली की आपापल्या जागी बसायला लागली. खाणं बदलताना मात्र घाई केली नाही. जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत आठ-दहा दिवस घेतले. भूक लागली की खाईल, असं म्हणून मांजराला उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं.

ओलं का, तर मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातले. त्यांना पाणी मिळायचं ते मुख्यतः शिकारीतून. त्यामुळे मांजराला तहान कमी लागते. कोरड्या खाण्यात पाणी साधारण शेकडा ८ ते १०, पाऊचमधल्या ओल्या खाण्यात ७५ ते ८०. जे कमी पडतं ते मांजर भांड्यातून पिऊन पूर्ण भरून काढत नाही, लघवी दाट होते आणि खडे धरायला वाव मिळतो. आमच्या घरात हा फरक वाळूच्या घमेल्यात दिसला. पूर्वी लघवीने भिजलेल्या वाळूचे लिंबाएवढे गोळे निघायचे, महिन्याभरात त्यांच्या दुप्पट निघू लागले.

माझ्या मनात आधी होतं की सगळं घरीच शिजवावं. कोंबडी मिळते, मिरकरवाड्याची मासळी दारात येते, मग पाकिटं कशाला? डॉक्टरांनी थांबवलं. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी. त्यावरच वाढलेल्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात, आणि पिंट्या तेव्हा वाढत्या वयात होता. दुसरं टॉरिनचं. हे अमिनो आम्ल मांजराचं शरीर पुरेसं तयार करू शकत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. १९८७ साली अमेरिकेत संशोधकांनी दाखवून दिलं की मांजरांमध्ये हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याचा जो आजार दिसत होता, त्यामागे आहारातल्या टॉरिनची कमतरता होती. त्यानंतर तयार खाण्यात त्याचं प्रमाण वाढवलं गेलं. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून मी आता कोंबडी शिजवलेलं पाणी टाकत नाही, त्यातच कोरडं खाणं भिजवते. मीठ नाही, हळद-मसाला नाही. कांदा-लसूण तर चुकूनही नाही, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. आमच्या कालवणातला मासा म्हणूनच बंद. मासा देते तो आठवड्यातून एकदा, साधा उकडलेला, काटे काढून. कच्चा नाही, कारण काही माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो.

सध्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी, असा अंदाज धरलाय. त्यात ८५ ग्रॅमच्या पाऊचमधला अर्धा, कोमट पाण्यात भिजवलेलं ४० ग्रॅम कोरडं, आणि १५ ग्रॅम उकडलेली कोंबडी. कोंबडी एवढीच, कारण वरखाऊ गोष्टी एकूण कॅलरींच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ नयेत. हे माझ्या निरोगी, मोठ्या मांजरांचं माप आहे. तुमच्या मांजराचं वजन आणि पाकिटामागची कॅलरी बघून तुमचं माप काढा. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा मी यासाठीच आणला, आणि या सगळ्या खरेदीत तीच वस्तू सर्वांत उपयोगी पडली. वाटीने मोजताना मी तांबूला जवळजवळ दीडपट घालत होते.

पाऊच घेताना बारीक अक्षरं वाचा. 'कम्प्लीट' लिहिलं असेल तर ते पूर्ण आहार म्हणून चालतं. 'कॉम्प्लिमेंटरी' असेल तर ते फक्त जोडीला. मी एकदा रश्श्यातल्या ट्यूनाचे डबे घेतले आणि चिंगीला आवडतात म्हणून तीन आठवडे अर्धं जेवण तेच दिलं. नंतर डबा उलटा करून वाचला तेव्हा कळलं. फक्त पाऊचवर पाच जणांना ठेवणं आम्हाला परवडणारं नाही, हेही सांगते. पूर्वी महिन्याला चार हजारांच्या आत भागायचं. आता पावणेसातच्या आसपास जातात, गंगूचं औषधी खाणं वेगळं. बाळ्याच्या त्या दोन दिवसांचं बिल मात्र यातल्या बऱ्याच महिन्यांचा फरक भरून काढणारं होतं.

पावसाळ्यातल्या अडचणी कोकणातल्यांना वेगळ्या सांगायला नकोत. कोरड्या खाण्याची मोठी पिशवी फोडली की चार दिवसांत सादळते, मग बुरशीची भीती. आता मी लहान पिशव्या घेते आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. दुकानातून सुटं आणणं कायमचं बंद केलं. मुंग्यांसाठी ताटली पाणी घातलेल्या थाळीत ठेवायची, हा सासूबाईंचा उपाय, दुधाच्या पातेल्याला करतात तोच. वीज गेली की फ्रीजमधल्या अर्ध्या पाऊचची काळजी लागते. चार तास वीज नसेल तर मी तो टाकून देते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा मासा नाहीच. आणि गणपतीत घरात सामिष शिजत नाही, तर ते दिवस मांजरांची कोंबडीही बंद. पाऊच फोडायचे तेही मागीलदारी, ताटल्या बाहेरच धुवायच्या. सासूबाईंनी त्याला हरकत घेतली नाही, एवढं मला पुरे होतं.

सासूबाईंचं मन वळायला वेळ लागला, आणि त्यांची बाजूही मला पटते. "अगो, आमच्या वेळची मांजरं दूधभातावरच वाढली," त्या म्हणायच्या. खरं आहे, पण ती मांजरं कोठीतले उंदीरही रोज मारत होती, त्यांचं खरं जेवण ते. मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही. पिंट्याचं पोट सतत बिघडलेलं असायचं. दूध बंद केलं आणि आठ दिवसांत शी घट्ट झाली. ती वाळू साफ करायचं काम आईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे, होतं, त्यांनीच ते पहिल्यांदा मला सांगितलं. त्या दिवसानंतर दूधभाताचा विषय निघाला नाही.

नोव्हेंबरमध्ये आम्ही सगळे दोन दिवस लग्नाला संगमेश्वरला गेलो. शेजारच्या काकूंनी मायेने पाचही जणांना पोटभर कोरडं घातलं, एकाच ताटात. त्यांची काही चूक नाही, मी नीट लिहून ठेवायला हवं होतं. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ताटल्या वाढल्या. बाळ्याने वास घेतला, दोन घास खाल्ले आणि तोंड फिरवलं. एरवी तो ताटली चाटून पुढे सरकवत नेतो. मी त्याच्या मागे मागे गेले. घमेल्यात बसला, पाठीची कमान, आणि वाळूवर दोन थेंब. नऊच्या आधी आम्ही डॉक्टरांकडे होतो. पिशवी भरलेली होती पण अजून मऊ होती. औषध आणि सलाईनवर मोकळं झालं, नळी घालावी लागली नाही. संध्याकाळी तो घरी होता.

वजनाची वहीही अशीच कामाला आली. दर रविवारी मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहते आणि माझं वजन वजा करते. तांबू ६.२ वरून ५.४ किलोवर आला, सावकाश, दहा महिन्यांत. आता कठड्यावर उडी मारतो. गंगू मात्र ऑगस्टपासून ३.१ वरून २.७ वर उतरली, खाणं थोडं थोडं उरायला लागलं. रक्त तपासलं तर मूत्रपिंडं थकलेली. या आजारात मांजर बराच काळ बाहेरून ठीक दिसतं. परातीच्या दिवसांत मला हे कधी कळलं असतं, सांगता येत नाही. तिचं फॉस्फरस कमी असलेलं खाणं आता वेगळं येतं. नाकाला वास लागावा म्हणून ताटली गरम पाण्यावर धरून कोमट करावी लागते, थंड दिलं तर ती बघतही नाही.

काय खटकतं? सकाळची पाऊण तास धावपळ. पाऊचचा कचरा, महिन्याला पंचाहत्तर रिकामी पाकिटं, आणि ती आमच्याकडे भंगारवालाही घेत नाही. गावाला जायचं तर आता पानभर सूचना लिहून, ताटल्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवून जावं लागतं. आणि चिंगी अजूनही कपाटावरच जेवते, खुर्चीवर चढून वाढायचं.

गंगूची दुपारची ताटली सासूबाई करतात. काट्यावर ३० ग्रॅम मोजतात, वाफेवर कोमट करतात, बोटाने ऊब बघतात आणि पलंगाशेजारी खाली बसून ती संपेपर्यंत उठत नाहीत. गेल्या रविवारी गंगू २.९ भरली. आईंनी वहीत तो आकडा स्वतःच्या हाताने लिहिला.