मायनस, प्लस की ब्लू-रे? टेपा डिस्कवर घेण्याआधी

समजा तुमच्याकडे मिनीडीव्हीच्या, म्हणजे डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या छोट्या, पाच टेपा आहेत. एकेक तासाच्या. गावच्या जत्रेतलं रात्रभराचं दशावतारी नाटक त्यात आहे आणि ते डिस्कवर घ्यायचंय. मी कुडाळला बरीच वर्षं लग्नं-बारशी शूट केली, त्यामुळे असली पिशवी हातात धरून अजूनही कोणी ना कोणी दारात येतं. पहिला प्रश्न हमखास ठरलेला: "कुठली डिस्क चांगली?" मी उलट विचारतो, बघणार कोण आणि कुठल्या मशीनवर? डिस्कचा भाव मागाहून बघू. न चालणारी डिस्क फुकट मिळाली तरी महागच पडते.

आधी हिशेब. मिनीडीव्हीचा एक तास जसाच्या तसा संगणकावर घेतला की सुमारे १३ जीबी होतो. पाच तासांचे ६५. ७०० एमबीच्या सीडीवर हे ठेवायचं तर ९३ सीड्या लागतील, ४.७ जीबीच्या डीव्हीडी १४ आणि २५ जीबीच्या ब्लू-रे ३. पण नुसतं बघायचं असेल तर व्हिडिओ दाबून लहान करता येतो. व्हीसीडी, म्हणजे सीडीवर दाबलेला व्हिडिओ, केलीत तर ८० मिनिटांच्या चार सीड्या. डीव्हीडीवर दोन तास चांगल्या दर्जाचे बसतात, म्हणजे तीन डिस्क. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, डीव्हीडीचं ७२० बाय ५७६. संकासुराच्या तोंडावरचा रंग व्हीसीडीत चौकटी-चौकटींचा दिसतो. सीडीचा विषय इथेच संपवू. जुन्या गाडीत भजनं लावायला ठीक आहे, बाकी नको.

खरी डोकेदुखी डीव्हीडीतली. एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी दोन प्रकारची: मायनस आर (डीव्हीडी-आर) आणि प्लस आर (डीव्हीडी+आर). मायनस आर पायोनियरने १९९७ साली आणली. पुढे सोनी, फिलिप्स वगैरे मंडळींनी वेगळी चूल मांडली आणि २००२ मध्ये प्लस आर आली. दोन्ही दिसायला सारख्या, भावही साधारण सारखा. नव्या रायटरना, म्हणजे डिस्क लिहिणाऱ्या यंत्रांना, आणि प्लेअरना दोन्ही चालतात. जुन्यांचं मात्र सांगता येत नाही.

माझा शहाणपणा ऐका. एका वर्षी दुकानात प्लसचा ५०चा डबा मायनसपेक्षा थोडा स्वस्त मिळाला म्हणून उचलला. घरच्या लग्नाच्या सहा प्रती काढल्या आणि गणपतीत सगळ्यांना वाटल्या. चतुर्थीच्या संध्याकाळी वेंगुर्ल्याहून मावशीचा फोन: "रे, ह्येच्यात नुसता 'नो डिस्क' येता!" तिचा प्लेअर चांगल्या नावाचा, महागाचा, पण जुना. तीच डिस्क शेजाऱ्यांकडच्या बाजारातल्या स्वस्त प्लेअरच्या डब्यावर लगेच लागली. माझा अनुभव असा की हे स्वस्त डबे खाण्यापिण्याच्या बाबतीत कमी नखरेल असतात. मावशीकडे मायनसवर काढलेली दुसरी प्रत पोचली तेव्हा गौरी जाऊन आठवडा झाला होता.

झालं होतं असं. प्लेअर डिस्कच्या सुरुवातीला लिहिलेला तिचा प्रकार वाचतो, आणि प्लस आर हा प्रकार जुन्या मशीनच्या ओळखीचाच नसतो. काही रायटरमध्ये प्लस आरवर 'ही डीव्हीडी-रॉम आहे' असं खोटं लिहिण्याची सोय असते. ती वापरली की बरेच हट्टी प्लेअर गप्प बसतात. माझ्या रायटरमध्ये ती होती, मला ते वर्षभराने कळलं. मायनस आरवर ही चलाखी करता येत नाही, पण जुन्या प्लेअरवर तिची गरजही सहसा पडत नाही. आणखी एक बारीक खोच: प्लसवर मायनसपेक्षा सुमारे सात एमबी कमी बसतात. मायनससाठी काठोकाठ बसवलेली फाइल प्लसवर मावत नाही, आणि हे कळतं रात्री एक वाजता.

पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यूचा मोह अनेकांना होतो. पैसे वाचतील असं वाटतं. त्यांची चकाकी कमी असते. सीडी-आर साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर प्रकाश परत फेकते, सीडी-आरडब्ल्यू पंधरा ते पंचवीस. डीव्हीडीतही आरडब्ल्यूची चकाकी कमीच. जुन्या प्लेअरच्या भिंगाला ती अंधारातली डिस्क वाटते. मी एकच आरडब्ल्यू ठेवतो, मेनू नीट दिसतोय का ते तपासायला. साडेआठ जीबीच्या दुहेरी थराच्या डिस्कही घेऊ नका. एकीच्या पैशात दोनाहून जास्त साध्या येतात, आणि थर बदलताना कित्येक प्लेअर अडखळतात. नेमकं युद्ध रंगात आलेलं असताना.

ब्लू-रेकडे वळायचं तर आधी घरात काय आहे ते बघा. साध्या डीव्हीडी प्लेअरवर ती चालणार नाही, त्याची लेझर वेगळी. लिहायला वेगळा रायटर लागतो, आणि हल्लीच्या लॅपटॉपला तर ट्रेच नसतो. कोऱ्या डिस्कचा भाव साध्या डीव्हीडीच्या कित्येक पट. शिवाय सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रेचं उत्पादन थांबवलं, मिनीडीव्ही टेपांचंही त्याच वेळी. एक गोष्ट मात्र तिच्या बाजूने: डीव्हीडी-आर आणि सीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो, उन्हाने नि उष्णतेने तो उतरतो. बहुतेक ब्लू-रे आरमध्ये सेंद्रिय रंग नसतो. घेताना पाकिटावर 'एलटीएच' लिहिलेलं असेल तर सोडा, त्यात पुन्हा तोच रंग.

डिस्क आणि मशीन झालं, आपल्याकडे हवा हा तिसरा खर्च. मे महिन्यात कौलांखालचा पोटमाळा तापतो आणि जूनपासून कागदी पाकिटाला बुरशी येते. प्लॅस्टिकच्या डब्या घ्या, उभ्या ठेवा, कपाट आतल्या खोलीतलं बघा. वर कागदी लेबल चिकटवू नका, नाव पाण्याच्या शाईच्या पेनाने लिहा. आणि लिहिताना लाईट गेली की डिस्क वाया. पावसात इन्व्हर्टरशिवाय बसू नका, आणि लिहिण्याचा वेग चौपट-आठपटच्या वर नेऊ नका.

मग करायचं काय? घरच्यांना बघायला एक थराच्या मायनस आर, डीव्हीडी-व्हिडिओ (प्लेअरला कळणाऱ्या रूपात) करून, शेवटी फायनलाइज, म्हणजे लिहिणं कायमचं बंद, करून. फायनलाइज राहिली तर डिस्क ज्या मशीनवर लिहिली तिथेच चालते. मुंबईच्या चाकरमान्यांना डिस्क देऊच नका. त्यांच्याकडे प्लेअर उरलेला नाही, पेन ड्राइव्ह द्या. मूळ ६५ जीबी दोन हार्ड डिस्कवर, एक गावात, एक दुसऱ्या घरी. ब्लू-रे रायटर आधीच असेल तर तिसरी प्रत तीन डिस्कवर, नसेल तर त्यासाठी रायटर विकत घेऊ नका. टेपा चालतायत तोवर फेकू नका, आणि कॅमेरा चालू स्थितीत आहे तोवर हे काम उरका.

माझ्याकडे वाया गेलेल्या डिस्का परड्यात दोरीला टांगल्यात, पाखरांसाठी. पाखरं बिचकतात. वानर मात्र त्यात तोंड बघून केळी खातात.